आडनावातील नाव



दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. शाळा सुरू होऊन आठवडा झाला असेल. आठवीच्या वर्गात मी हजेरी घेत होतो. एकाच पानावर 'नाखवा' हे आडनाव दोनदा आले. एक मुलगा आपल्या मोहल्ल्यातला, तर एक मुलगी बंदरावरच्या कोळीवाड्यातली. दोघांनी एकापाठोपाठ "हजर" म्हणताच मागच्या बाकावरून कोणीतरी "भाऊबहीण" म्हणाले आणि सारा वर्ग हसला. मधल्या सुट्टीत तो मुलगा माझ्याकडे आला. चेहरा उतरलेला. म्हणाला, "सर, आडनाव बदलता येते का? घरी सांगतात, आपण बसऱ्याहून आलो. मग आमचे आडनाव कोळ्यांचे कसे?" दोन दिवसांनी ती मुलगीही आली. तिचा प्रश्न उलटा होता. "सर, आमचे आडनाव त्यांच्यात कसे गेले?"

मी इतिहासाचा शिक्षक. तरी त्या दिवशी दोघांनाही धड उत्तर देता आले नाही. "नंतर सांगतो" म्हणून वेळ मारून नेली. पुढे सवड मिळेल तसे वाचत गेलो. जे हाती लागले ते त्या दोघांना सांगितले आणि आज आपल्यापुढे मांडीत आहे. कारण हा प्रश्न केवळ त्या दोघांचा नाही. सारंग, खोत, मुकादम, खतीब, काझी अशी आडनावे आपल्या जमातीत घरोघर आहेत. त्यांचा अर्थ काय, ती कोठून आली, हे आपण मुलांना सांगत नाही. मग मुले ऐकीव गोष्टींवर विसंबतात, आणि ऐकीव गोष्टी कोणी विचारले की डळमळतात.

शब्दाची फोड

'नाखवा' हे 'नाखुदा' या शब्दाचे आपल्या किनाऱ्यावर घासून झालेले रूप. मूळ शब्द फारसी, 'नावखुदा'. 'नाव' म्हणजे होडी, जहाज. 'खुदा' हा शब्द येथे मालक, धनी या अर्थाने आला आहे. घरधन्याला फारसीत 'कदखुदा' म्हणतात, त्यातलाच हा 'खुदा'. तेव्हा नाखुदा म्हणजे नावेचा धनी. त्यातही गंमत अशी की फारसीतील 'नाव', संस्कृतातील 'नौ' आणि मराठीतील 'नाव' हे तिन्ही शब्द एकाच मुळाचे आहेत. म्हणजे या आडनावाचा अर्धा भाग इराणातून येण्याआधीच आपल्या घरात होता.

नाखुदा नेमके काय करी? अबुल फजलने सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या 'आईन-ए-अकबरी'त जहाजावरच्या माणसांची यादी दिली आहे. तीत पहिला नाखुदा. जहाज कोणत्या दिशेने जायचे हे तो ठरवी. त्याच्यानंतर मुअल्लिम, त्याला समुद्राची खोली, उथळ जागा आणि ताऱ्यांचे ज्ञान हवे. मग खलाशांचा प्रमुख तांडेल. जहाज धक्क्याला लावण्यावर देखरेख करणारा सारंग. कोठाराचा भंडारी, हिशेब लिहिणारा कराणी, सुकाणू धरणारा, डोलकाठीवर चढून टेहळणी करणारा, आत शिरलेले पाणी उपसणारा, तोफ डागणारा, अशी ही यादी आहे.

ही यादी हातात घेऊन आपल्या शाळेचा हजेरीपट वाचा. नाखवा आहे, सारंग आहे. कोळीवाड्यातला तांडेल आहे. चारशे वर्षांपूर्वी जे एका जहाजावर एकत्र काम करीत होते, त्यांची नावे आज एका वर्गात शेजारी शेजारी बसली आहेत. शिवाजी महाराजांच्या आरमारातही दौलतखानाबरोबर 'दर्यासारंग' हा हुद्दा धारण करणारा अधिकारी होता, हे आपण पाचवी-सहावीपासून ऐकत आलो आहोत. तोही याच यादीतला शब्द.

चौल ते सोमनाथ

आता हा शब्द आपल्या किनाऱ्यावर कोठून आला ते पाहू. इराणच्या आखातातील सिराफ आणि पुढे होर्मुझ ही व्यापाराची मोठी बंदरे होती. तेथून पावसाळी वाऱ्यांचा अंदाज घेत जहाजे पश्चिम किनाऱ्याला येत. प्रवासी व इतिहासकार अल-मसूदी हिजरी ३०४, म्हणजे इ. स. ९१६च्या सुमारास चौलला आला. चौलला तो 'सैमूर' म्हणतो. त्या वेळी तेथे शिलाहार राजा झंझ याचा अंमल होता. चौलमध्ये सुमारे दहा हजार मुसलमान राहतात, असे मसूदी लिहितो. त्यांत सिराफ, ओमान, बसरा आणि बगदाद येथून आलेले लोक होते. पण आणखीही एक वर्ग त्याने नोंदविला आहे. त्याला तो 'बयासिरा' म्हणतो. हे म्हणजे मुसलमान आईबापांपोटी येथेच जन्मलेले लोक. राजाने त्यांच्यातूनच एकाला त्यांचा न्यायनिवाडा करणारा प्रमुख नेमले होते.

वाचकहो, या 'येथेच जन्मलेले' शब्दांकडे लक्ष द्या. अकराशे वर्षांपूर्वीही आपल्या किनाऱ्यावरचा मुसलमान हा केवळ आलेला पाहुणा नव्हता. पालघर जिल्ह्यातील चिंचणी येथे सापडलेला इ. स. ९२६चा ताम्रपट हेच सांगतो. राष्ट्रकूट राजाने संजाण प्रांताचा कारभार 'मधुमती' नावाच्या ताजिक, म्हणजे अरब, अधिकाऱ्याकडे सोपविला होता. मधुमती हे मुहम्मद या नावाचे संस्कृत रूप आहे, असे अभ्यासक मानतात. या अधिकाऱ्याने काय केले? नदीवर लोकांसाठी मोफत तरीची सोय केली, अन्नछत्र घातले आणि तेथील हिंदू मठाला जमीन दिली. नावेचा आणि माणुसकीचा संबंध इतका जुना आहे.

'नाखुदा' हा हुद्दा दगडावर कोरलेला पाहायचा असेल तर गुजरातेत सोमनाथजवळ वेरावळला जावे लागते. इ. स. १२६४ मध्ये होर्मुझच्या नुरुद्दीन फिरोज नावाच्या नाखुदाने तेथे मशीद बांधली. तेव्हा राजा होता वाघेला वंशातील अर्जुनदेव. मशिदीसाठी जमीन मिळवून देण्यात गावातील छाडा नावाच्या प्रतिष्ठित हिंदू गृहस्थाचा पुढाकार होता आणि तो फिरोजचा स्नेही होता. या व्यवहाराचा लेख अरबीत आहे, तसाच संस्कृतातही आहे. संस्कृत लेखात हिजरी सन आहे, विक्रम संवत आहे, वलभी संवत आहे आणि सिंह संवतही आहे. मशिदीच्या उत्पन्नासाठी दुकाने व तेलाचा घाणा लावून दिला, आणि खर्च भागून जे उरेल ते मक्का-मदीनेला पाठवावे असे ठरले. कारभार कोणी पाहायचा, तर तेथील जमातींनी. त्यांत नाखुदा व नावाड्यांची जमात आहे, घांची म्हणजे तेल्यांची आहे, चुनेवाल्यांचीही आहे. लेखात शब्दच 'जमाथ' असा आहे. आपण आज जमातीची सभा भरवितो, हिशेब मांडतो, शाळेसाठी वर्गणी काढतो. सात-साडेसातशे वर्षांपूर्वी एका नाखुदाने हेच केले.

ठाण्याचा नाखुदा

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो. हा हुद्दा केवळ मुसलमानांचा होता काय? याचे उत्तर एका फार लांबच्या ठिकाणी सापडले. मिसर देशातील कैरो शहरात यहुद्यांच्या एका जुन्या प्रार्थनामंदिरात हजारो कागद साठून राहिले होते. त्यांत अकराव्या-बाराव्या शतकातील हिंदुस्थानच्या व्यापाराची पत्रे निघाली. इ. स. ११४५च्या सुमारास महरूझ नावाच्या यहुदी नाखुदाने आपल्या मेहुण्याला पत्र लिहिले. मेहुण्याचे जहाज चाच्यांनी लुटले होते. महरूझ त्याला धीर देतो आणि कळवितो की पैशाची गरज पडली तर माझ्या नावावर ठाण्यास असलेल्या नाखुदा तिंबूकडून घ्यावेत, कारण त्याची माझी मैत्री सख्ख्या भावासारखी आहे.

हा तिंबू हिंदू होता असे संशोधक सांगतात. म्हणजे पत्र लिहिणारा नाखुदा यहुदी, आपल्या ठाण्याच्या बंदरातला नाखुदा हिंदू, आणि ज्या शब्दाने दोघांची ओळख होते तो शब्द फारसी. परमुलुखात अडकलेल्या माणसासाठी एका नाखुदाने दुसऱ्या नाखुदावर टाकलेला हा भरवसा आहे. तेव्हा 'नाखुदा' हे कोणत्या एका धर्माचे किंवा रक्ताचे नाव नव्हते. जो दुसऱ्याचा माल, दुसऱ्याचा जीव आणि दुसऱ्याचा शब्द सांभाळून पैलतीरी पोहोचवी, तो नाखुदा.

म्हणूनच कोळी बांधवांत होडीच्या धन्याला आजही नाखवा म्हणतात आणि त्यांच्या गाण्यांतून हा शब्द साऱ्या महाराष्ट्राच्या ओठावर आला आहे. आमच्याकडून त्यांच्याकडे गेला की त्यांच्याकडून आमच्याकडे आला, असा हिशेब मांडण्यात अर्थ नाही. शब्द कामाबरोबर चालतो. ज्याने ते काम केले, त्याला ते नाव लाभले.

हुद्द्याचे आडनाव

पूर्वी माणूस आपल्या नावाने, बापाच्या नावाने आणि गावाच्या नावाने ओळखला जाई. कोकणात गावाच्या नावाला 'कर' जोडण्याची रीत हिंदू-मुसलमान दोघांतही आहे. इंग्रजी अमलात शाळेचे रजिस्टर, जमिनीचा दाखला, बोटीवरच्या नोकरीची पुस्तिका आणि पुढे पासपोर्ट असे एकेक कागद आले. प्रत्येक कागदाला एक पक्के आडनाव हवे होते. मग लिहिणाऱ्याने विचारले आणि सांगणाऱ्याने जे सांगितले ते कायम झाले. कोणी गाव सांगितले तर तो अमुककर झाला. कोणी आजोबांचा हुद्दा सांगितला तर तो नाखवा, सारंग, खोत किंवा खतीब झाला. त्यामुळे एका आजोबांचे दोन नातू दोन आडनावांचे असू शकतात, तसेच एका आडनावाची दोन घराणी एकमेकांची कोणीही नसू शकतात. सोयरीक जमविताना आडनावावरून घराण्याची उंची मोजणाऱ्या वडीलधाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावे.

मुंबई बंदर वाढले तसे कोकणातील जहाजवाले तेथे गेले. मुंबईत पायधुणीजवळ आजही नाखुदा स्ट्रीट आहे. कोकणी मुसलमानांतील रोघे हे जहाजमालकांचे मोठे घराणे. जमशेटजी जिजीभाई यांच्या चीनच्या व्यापारात महंमद अली रोघे भागीदार होते. कलकत्त्याला जी भव्य नाखुदा मशीद आहे, तिचे बांधकाम १९२६ साली सुरू झाले. ती कच्छी मेमन समाजाच्या जहाज व्यापाऱ्यांनी बांधविली आणि त्यांच्या धंद्यावरून तिला हे नाव पडले. पूर्वेकडे मलाया व इंडोनेशियात हा शब्द इतका रुजला की तेथील भाषेत जहाजाच्या कप्तानाला आजही 'नाखोदा' म्हणतात. पश्चिमेकडे कुवेतमध्ये शिडाच्या जहाजाच्या कप्तानाला 'नोखदा' म्हणत. तेल निघाल्यावर आपल्या गावची तरुण मंडळी नोकरीसाठी ज्या आखातात गेली, त्याच आखातातून हा शब्द हजार वर्षांपूर्वी इकडे आला होता. गेलेल्यांपैकी किती जणांना हे ठाऊक होते?

माझ्या आजोळची पेटी

येथवर मी दुसऱ्यांच्या कागदांविषयी बोललो. आता घरच्या कागदांविषयी एक कबुली देतो.

माझे आजोळ नाखव्यांचे, खाडीकाठचे. नानांचे वडील फत्तेमारीवर नाखवा होते. कौले, मीठ, सुकी मासळी, लाकूड असा माल घेऊन ते मुंबईपर्यंत जात, असे नाना सांगत. दहावीत असताना मी निबंधात लिहिले होते की आमचे पूर्वज बसऱ्याचे सरदार होते. आमच्या गुरुजींनी समासात तांबड्या शाईने एकच शब्द लिहिला, "कशावरून?" मला राग आला. घरी येऊन मामूंना विचारले. ते म्हणाले, "सगळेच म्हणतात." नानांना विचारले. त्यांनी माळ्यावरच्या लाकडी पेटीकडे बोट दाखविले. म्हणाले, "जे काय आहे ते त्यात आहे." पेटी उघडली तर आत दोरीने बांधलेले कागद. सारे मोडीत. मला एक अक्षरही वाचता येईना. मी पेटी पुन्हा बंद केली.

चार-पाच वर्षांनी मामूंनी आखातातून पैसे पाठविले आणि कौलारू घर पाडून स्लॅबचे घर बांधायला काढले. सामान हलवायला मी गेलो होतो. पेटी वाळवीने खाल्ली होती. "ह्या रद्दीचं काय करायचं?" असे मजुराने विचारले. नाना तोवर गुजरले होते. नानी अंगणात बसली होती, पण तिला विचारण्याचे माझ्या मनात आले नाही. मीच म्हणालो, "टाक बंबात." त्या कागदांवर आठ दिवस आमच्या आंघोळीचे पाणी तापले.

आज मी मोडी शिकलो आहे. अडखळत का होईना, वाचता येते. आणि वाचायला माझ्या आजोळचा एकही कागद उरलेला नाही. त्यांत काय होते? मालाची पावती असेल, एखाद्या कोळी तांडेलाचा हिशेब असेल, जमिनीचा तंटा असेल. बसऱ्याचा सरदारही असेल कदाचित. 'कशावरून?' या प्रश्नाचे जे काही उत्तर होते, ते मी माझ्या हाताने जाळले. वाळवीने निम्मे खाल्ले, निम्मे बी. ए.ला इतिहास घेतलेल्या मुलाने.

शिल्लक राहिले ते एवढेच. गावच्या मराठी शाळेच्या जुन्या रजिस्टरमध्ये नानांचे नाव आहे. त्यांच्या आडनावाच्या रकान्यात आधी गावाचे नाव लिहून ते खोडले आहे आणि वर वळणदार अक्षरात 'नाखवा' असे लिहिले आहे. कोणीतरी त्या दिवशी मास्तरांपुढे उभे राहून सांगितले असणार की नाही, आमचे हे लिहा. मला वाटते, ते नानांचे वडील असावेत. त्यांना आपल्या कामाची लाज वाटत नव्हती.

आता आपण काय करावे

पालक बंधुभगिनींनो, आपल्यापैकी अनेकांच्या माळ्यावर, ट्रंकेत, मशिदीच्या कपाटात असे कागद अजून असतील. वाचता येत नाहीत म्हणून ते टाकू नका. जुने निकाहनामे, जमिनीचे उतारे, बोटीवरच्या नोकरीच्या पुस्तिका, परदेशातून आलेली पत्रे, सारे कोरड्या जागी ठेवा. निदान मोबाईलवर त्यांची छायाचित्रे काढून ठेवा. कबरस्तानातील जुन्या दगडांवरची अक्षरे पुसण्यापूर्वी उतरवून घ्या. आणि घरात नाना-नानी, दादा-दादी असतील तर त्यांच्याजवळ बसून विचारा. मी नानीला विचारले नाही. आता ती नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही तीन प्रश्न विचारा. आपले आडनाव प्रथम कोणत्या कागदावर आहे? त्याआधी घराला काय म्हणत? आणि त्या नावाच्या माणसाने कोणते काम केले? कोणी मोठेपणाची गोष्ट सांगितली तर अदबीने एवढेच विचारा, "कशावरून?" उत्तर मिळाले तर आनंद माना. नाही मिळाले तरी कमीपणा मानू नका. अरबस्तानातून आलो म्हणून आपण मोठे होत नाही आणि येथेच जन्मलो म्हणून लहान होत नाही. मसूदीच्या चौलमध्ये दोन्ही प्रकारचे लोक राहत होते.

शेवटी, शिक्षणसंस्थेच्या या अंकात सांगण्याजोगी एक गोष्ट राहिली. १८७४ साली मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम ही संस्था स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत बद्रुद्दीन तय्यबजी होते, त्यांचे बंधू कमरुद्दीन तय्यबजी होते, आणि त्यांच्याबरोबर रोघे घराण्यातील नाखुदा महंमद अली रोघे होते. समाजातील मुलांना विद्येच्या पैलतीरी न्यायचे तर तेथेही नाखुदा हवा होता, आणि तो होता.

त्या मुलाला मी हे सारे सांगितले. तो काही वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे सर, तिचे आणि आमचे आजोबा एकाच धंद्यातले?" मी म्हटले, "धंद्यातले, आणि बंदरावरचेही." आडनाव बदलण्याची गोष्ट त्याने पुन्हा काढली नाही. यंदा तो दहावीला आहे. ती मुलगीही आहे. हजेरीपटावर त्यांची नावे अजून लागोपाठ येतात आणि वर्ग आता हसत नाही.